जुन्या घराचा भार

या वार्षिकासाठी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून 'आमचे जुने घर' या विषयावर निबंध मागविले होते. ते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. निबंध चांगले होते. कोणी परसातल्या फणसाविषयी, कोणी आजीच्या जात्याविषयी, कोणी श्रावणाच्या झडीत सोप्यावर बसून खाल्लेल्या भाजक्या कणसांविषयी अगदी मनापासून लिहिले होते. परंतु सारे वाचून झाल्यावर एक गोष्ट मनास खटकत राहिली. जवळजवळ प्रत्येकाच्या घरातील भुई सारवून लखलखीत झाली होती. ती कोणी सारवली, हे सांगणारे निबंध मात्र अवघे तीन निघाले, आणि ते तिन्ही मुलींचे होते.

त्या निबंधांना गुण देऊन मी मोकळी झाले, पण विषयाने माझी पाठ सोडली नाही. कारण मी स्वतःही अशाच एका घरात नांदते. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जेथे मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूस, आमचे मातीच्या भिंतींचे कौलारू घर आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर, डावीकडे गोठा, मागे न्हाणी आणि परसू. हे घर उभे राहिले तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. घराच्या खांबास त्याची काही खबर नाही; तो आहे तेथेच आहे, फक्त खालच्या अंगाने थोडा वाळवीने खाल्ला आहे. घरात मोठी माणसे सहा आणि मुले तीन. थोरली अकरा वर्षांची, मधला आठ वर्षांचा आणि धाकटा नुकता तीन पुरा केलेला. थोरली व धाकटा माझे, मधला जाऊबाईंचा. पण आमच्याकडे हा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही.

अशा घरात लहान मूल वाढताना पाहणे, हा खरोखर आनंदाचा भाग आहे. माझ्या सासूबाई तांदूळ अजूनही मापाने घेतात. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मधला पाच वर्षांचा असताना कणगीपाशी बसून हे माप ओतता ओतता अर्धा म्हणजे काय आणि पाव म्हणजे काय, हे पुरते शिकून गेला. पुढे शाळेत अपूर्णांक आले तेव्हा मी पुस्तक उघडून बसले, तर तो मलाच म्हणाला, "काकू, हे तर चिपटे-मापटेच आहे." कोंबडी कुठे अंडे घालते, गाय विण्याच्या आधी कशी अस्वस्थ होते, पागोळ्यांचे पाणी कोणत्या हंड्यात आधी भरते, हे या मुलांना कोणी मुद्दाम शिकविलेले नाही. वैशाखात घर शाकारायला काढले म्हणजे कौले एकेक करून खाली येतात. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरास १८६५ मध्ये काढला, आणि पुढे अशी कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर पसरली. त्यांच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. थोरलीने इंग्रजी अक्षरे प्रथम वाचली ती पुस्तकात नव्हे, अंगणात रचलेल्या कौलांच्या पाठीवर, बोटाने चाचपीत. (दरवर्षी पाचपन्नास कौले वानरांच्या उड्यांनी फुटतात, हा भाग वेगळा. वानरांच्या नावाने आमचे मामंजी जे बोलतात, ते शालेय अंकात छापता येणार नाही.)

येथवर माझा व विद्यार्थ्यांचा मुळीच मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो यापुढे.

दोन वर्षांपूर्वी आषाढात रोप लावणी ऐन रंगात होती. आमच्या भागात लावणी हे बायकांचे काम समजले जाते. सासूबाई आणि जाऊबाई सकाळीच इरली घेऊन शेतात जात. माझे यजमान व दीर चिखलणीस. मी आठच्या गाडीने शाळेस. धाकटा तेव्हा वर्षाचा होता. चालू लागला होता, पण उंबरा त्यास कळत नव्हता. त्याच्यापाशी कोणी तरी हवेच. ते 'कोणी तरी' म्हणून थोरली घरी राहिली. तेव्हा ती नऊ वर्षांची, चौथीत. एखाद-दुसरा दिवस, असे मी स्वतःशी म्हणत राहिले, आणि दिवस मोजावयाचे जाणूनबुजून टाळले. तिच्या वर्गशिक्षकांनी "मुलगी आजारी आहे काय?" अशी विचारणा केली तेव्हा मोजले, नऊ दिवस झाले होते. त्याच आठवड्यात मी माझ्या वर्गातील एका मुलीच्या आईस बोलावून, "सुगी आली, भांगलण आली, की मुलीची शाळा बुडते, हे बरे नव्हे," असे चार शब्द ऐकविले होते. ती बाई खाली मान घालून निमूट ऐकत होती. हजेरीपटावर दुसऱ्यांच्या लेकींपुढे गैरहजेरीची खूण करणाऱ्या माझ्या हाताने स्वतःच्या लेकीस घरी ठेवले होते.

याहूनही एक गोष्ट मला नंतर उमगली, आणि ती अधिक बोचली. ते नऊही दिवस मामंजी सोप्यावरच होते. गुडघे दुखतात म्हणून ते लावणीस जात नाहीत. मधला सहा वर्षांचा, तो रोज नेमाने शाळेत गेला. घरात दोघे पुरुष हाताशी असताना धाकट्यास सांभाळण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलीकडे गेले, आणि आम्हां सहा मोठ्या माणसांपैकी एकालाही त्यात काही विपरीत वाटले नाही. मलाही नाही.

हे दुखणे आमच्याच घरचे आहे असे नाही आणि ते नवेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये चालले. मुले बालवाडीत का येत नाहीत, हे त्यांनी वाड्या-पाड्यांवर जाऊन पाहिले. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड होते, कोणी गुरांमागे गेले होते. तेव्हा त्यांनी मुलांस दोष दिला नाही. शाळाच अंगणात नेली, गुरे चरतात त्या कुरणात नेली. शंख-शिंपले, बिया, काड्या हीच त्यांची साधने. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचे नाव या अंगणातूनच आले. शासनाची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आमच्या गावातही अंगणवाडी आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर. आषाढातल्या त्या नऊ दिवसांत ती उघडी होती. धाकटा तेव्हा लहान होता हे खरे, आणि तेवढ्या मुलास दिवसभर तेथे ठेवीत नाहीत हेही खरे. परंतु खरे सांगायचे तर आम्ही तेथे चौकशीसुद्धा केली नाही. घरात मुलगी होती, म्हणून चौकशीची गरज भासली नाही.

कोणी म्हणेल, मुलांनी घरात काम करावे की नाही? करावे, असेच माझे स्पष्ट मत आहे. २०१६ मध्ये बालमजुरीच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीतही चौदा वर्षांखालील मुलास शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत घरच्या कामास हात लावण्याची मुभा आहे. ज्या कामावाचून घराचे खरोखर अडते असे काम मुलाच्या वाट्यास यावे, यासारखे शिक्षण नाही. पण कौल हाती देणारा मुलगा आणि लेकरू कडेवर घेऊन दिवसभर फिरणारी मुलगी यांच्या कामात अंतर आहे. पहिल्याचे काम तासाभरात संपते व त्याची शाबासकी मिळते. दुसरीचे काम संपतच नाही, आणि ते काम आहे हेही कोणी म्हणत नाही.

या घटनेनंतर काही महिन्यांनी घरात दुसराच विषय निघाला. दिरांनी हे घर पाडून स्लॅबचे घर बांधावे असे सुचविले. त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. कौले दरवर्षी फिरवावी लागतात, वाळवी थांबत नाही, जुन्या सांध्यांचे काम जाणणारे सुतार आता मोजकेच उरले आहेत, आणि पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी पातेली मांडावी लागतात. मामंजी तर घर पाडण्याच्या नावानेच उठून गोठ्यात गेले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. सर्वांना वाटले, मी शिकलेली, मी नव्या घराच्या बाजूस जाईन.

मी घर ठेवावे असे म्हटले. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचा एप्रिलातला गारवा स्लॅबखाली मिळत नाही, आणि मुलांस सोप्यासारखी जागा दुसरीकडे कोठे मिळणार? परंतु लगेच हेही म्हटले, की घर जुने ठेवायचे असेल तर त्यातले सारेच जुने ठेवता येणार नाही. धूर प्रथम. लाकडाच्या धुरातील अतिसूक्ष्म कण लहान मुलांच्या फुफ्फुसात उतरतात व न्युमोनियाचा धोका वाढवितात. स्वयंपाक गॅसवर होत होताच. न्हाणीतल्या चुलीचा धूर मात्र थेट माजघरात येई, तिला धुराडे बसविले. बाळास धुरी देणे बंद केले. यावर सासूबाईंचा राग आठ दिवस होता. मग झोपण्याची गोष्ट. आमच्याकडे सारी मुले भुईवर वाकळ टाकून निजत. मण्यार रात्री हिंडते, उंदरांच्या व पालींच्या मागे घरात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही बहुधा येत नाही, त्यामुळे झोपलेल्या मुलास दंश झाला हे कळेपर्यंत वेळ गेलेला असतो. आता मुले खाटेवर, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचून निजतात. आणि दंशाची शंका जरी आली तरी वाट रुग्णालयाची, मांत्रिकाची नव्हे, हे घरात सर्वांस पाठ आहे. भुई सारवतो, पण कोणाचा गुडघा फुटला असेल तर जखम साबणाने धुवावी लागते, कारण शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. तिन्ही मुलांच्या लशींच्या तारखा मी देवघराच्या कोनाड्यात लिहून ठेवल्या आहेत.

हे सारे तुलनेने सोपे गेले, कारण त्यास पैसे लागले, माणसे बदलावी लागली नाहीत. कठीण गेली ती कामाची वाटणी. मी एका मोठ्या कागदावर घरातली रोजची कामे लिहून काढली. झाडणे, सारवणे, पाणी भरणे, गोठा, भांडी, गळतीखालची पातेली रिकामी करणे, धाकट्यास सांभाळणे, धाकट्यास भरविणे, धाकट्यास झोपविणे. कामे लिहीत गेले तसतसा कागद अपुरा पडू लागला. जाऊबाई शेजारी बसून, "हे राहिले, तेही राहिले," असे सांगत होत्या, आणि मध्येच हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पंधरा वर्षे त्या हे करीत होत्या. लिहिलेले त्यांनी प्रथमच पाहिले.

कागदावर प्रत्येकाचे नाव घातले. माझे यजमान पहिल्या आठवड्यात विसरले, दुसऱ्यात चिडले, तिसऱ्यात भांडी घासू लागले. अजूनही कढईचे बूड काळेच राहते. मधल्याकडे झाडणे आले. "मुलगा असून केरसुणी?" असे शेजारच्या एका आजींनी त्यास विचारले. तो म्हणाला, "कागदावर लिहिले आहे." या उत्तरापुढे त्यांचे काही चालले नाही. आणि थोरलीच्या नावापुढे मी एकच काम लिहिले: कौले चाळताना शिडीवर चढणे. हे काम तिने स्वतः मागितले होते. मामंजींच्या नावापुढे मात्र मी काहीच लिहू शकले नाही. सुनेने सासऱ्यास काम नेमून द्यावे, एवढे धैर्य माझ्याही अंगी नव्हते. ती जागा कोरी राहिली.

मागच्या वर्षी आषाढात लावणी पुन्हा आली. पहिल्याच दिवशी पहाटे मी उठून दिवा लावला, गाडीसाठी डबा भरला आणि थोरलीचे दप्तर तपासले. धाकट्यास त्या दिवसांपुरते कोणाकडे ठेवावे, हा विचार रात्रभर चालला होता. जिन्याजवळून जाताना सहज कागदाकडे लक्ष गेले. कोऱ्या जागेत निळ्या शाईने, मामंजींच्या त्या जुन्या तिरक्या वळणात लिहिले होते: 'धाकट्यास सांभाळणे. सकाळ ते सांज. लावणी संपेपर्यंत.' सोप्यावर पाहिले, तर ते गुडघ्यास तेल चोळीत बसले होते, आणि उंबऱ्यास आडवी फळी लावून तयार होती.