नाकाला लाख, कोकराला नजर!

सांगली जिल्ह्यांतील जत तालुका म्हणजे पावसानें पाठ फिरविलेला मुलूख. तेथील माडग्याळ गांवाच्या नांवानें ओळखली जाणारी मेंढी कोणा विद्वानाच्या दिवाणखान्यांत जन्मली नाहीं. वाळल्या गवतावर आणि बाभळीच्या शेंगांवर जगून, कोस न्‌ कोस चालून, तरीहि कोकरूं झपाट्यानें वाढविणारी ही उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपक्यांची मेंढी, अडाणी म्हणून हिणविलेल्या आमच्या धनगरानें पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडविली. तिला लोकर थोडी. तिचें धन मांसांत आहे. सरकारी फार्मांवर लोकरीच्या लोभानें मेरिनो व रॅम्बुले मेंढे आणून दख्खनी मेंढीशीं संकर करण्यांत आले. पण दुष्काळांत पोट भरतें तें मांसाच्या कोकरावर, हें धनगराला शिकवावें लागलें नाहीं.

परंतु आतां ही जात परक्याकडून नव्हे, आपल्याच हातून बिघडेल अशी आम्हांस भीति वाटते. सन २०२० च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारांत एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी झाली आणि वर्तमानपत्रांनीं टाळ्या पिटल्या. राघूच्या चोंचीसारखें नाक जितकें वांकडें, तितकें मोल अधिक! आम्ही विचारतों, त्या नाकानें कोकराचें वजन एक किलो तरी वाढतें काय? मेंढीच्या कासेंत दूध उतरतें काय? हौशी धनवंतांनीं खुशाल नाकें विकत घ्यावीं. पण त्यांचें पाहून गरिबानेंहि नाकावरूनच बिजाचा मेंढा ठेवला, तर आजोबांनीं कमावलेलें नातू गमावील.

इकडे त्याच धनगराचें कोकरूं विकलें जातें कसें? व्यापारी तें उचलतो, पाठ चांचपतो आणि भाव सांगतो. आम्ही शाळेंत मुलांकडून किलो-ग्रॅमचीं गणितें घोटवून घेतों, आणि घरीं त्याच मुलाचा बाप नजरेच्या मापानें लुटला जातो! ही आम्हां शिक्षकांनाहि लाज आहे.

म्हणून बांधवहो, चार वाड्यांनीं वर्गणी काढून एक ताणकांटा घ्या. मुलाच्या वहींत लिहवून घ्या: कोकरूं कधीं झालें, आई कोणती, बाप कोणता, तीन महिन्यांनीं वजन किती. ज्या आईचीं कोकरें जड भरतात तिचाच मेंढा बिजाला राखा. दर दोन वर्षांनीं मेंढा बदला, नाहींतर तो आपल्याच लेकींवर जाईल. पावसाळ्यापूर्वीं आंत्रविषाराची लस टोंचून घ्या. आणि व्यापाऱ्याला निक्षून सांगा, "आधीं वजन, मग भाव."

मेंढीची खरी वंशावळ तिच्या नाकावर नसते. ती तुमच्या लेकराच्या वहींत लिहिली जाईल, तेव्हांच तुमच्या कष्टांचें मोल तुमच्या पदरांत पडेल.