दोन बटणं

परवा रात्री भाच्याचा फोन आला. चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये नुकताच ट्रेनी म्हणून लागलाय. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर हळूच म्हणाला, "मामा, आमच्या लाइनवर एका प्रेसचं एक बटण पाचर मारून दाबून ठेवलंय. सांगू का कुणाला? की नवीन आहे म्हणून गप्प बसू?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. का, ते सांगतो.

ज्यांनी पॉवर प्रेस पाहिला नसेल त्यांच्यासाठी : वरची डाय दणकन खाली येते आणि पत्र्याला आकार देते. तेव्हा ऑपरेटरचा हात मध्ये नसावा म्हणून दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर. किती साधी युक्ती! पण एक बटण कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो, त्याने पुढचा पत्रा सरकवता येतो आणि तासाचे पीस वाढतात.

१९९४ साली मी एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होतो. आमच्याकडेही एका प्रेसचं बटण असंच चिकटपट्टीने बांधलेलं होतं. मला ते रोज दिसायचं. पण महिनाअखेरीचा आकडा गाठायचा होता, म्हणून बघून न बघितल्यासारखं केलं. एका रात्रपाळीत, तीनच्या सुमारास, त्या ऑपरेटरची दोन बोटं गेली. अहवालात कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. खाली सही माझी होती. त्याला भेटायला मी कधी गेलो नाही...

घरात हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. बिल्ले लागतात, शपथ होते, पोस्टर स्पर्धेची बक्षिसं वाटली जातात. वाईट काही नाही त्यात. पण बोटं पोस्टरने वाचत नाहीत. नियमांचीही कमतरता नव्हती. यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण हवं, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच सांगितलं होतं.

माझं मत असं, की सुरक्षितता माणसाच्या सावधपणावर सोडूच नये. रात्री तीन वाजता कुणीही सावध नसतो. ती यंत्रात असावी. दोन्ही बटणं जवळजवळ एकाच क्षणी दाबावी लागतील आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडावी लागतील, अशी सर्किट मिळतात. मग पाचर मारली की प्रेस चालतच नाही. जुन्या पिन-क्लचच्या प्रेसला एकदा सुटलेला ठोका मध्येच थांबवता येत नाही. तिथे डायलाच जाळी हवी आणि पत्रा ठेवायला चिमटा. फार मोठा खर्च नाही हो हा.

दुसरी गोष्ट, सांगणाऱ्याला शिक्षा नको. 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक गेटवर लावायचा आणि आकड्यावर बक्षीस ठेवायचं, म्हणजे लोक अपघात टाळण्याऐवजी लपवायला शिकतात. आमच्याकडे तसंच होतं. खरचटलेलं, थोडक्यात हुकलेलं, कुणी सांगायचंच नाही.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचं. १९८७ साली पॉल ओ'नील तिचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. ऐकणारे चक्रावले. पण पुढच्या वर्षांत अपघात घटले आणि नफाही वाढला. मेक्सिकोतल्या कारखान्यात वायूमुळे कामगार आजारी पडल्याचं वरपर्यंत कळवलं नाही, म्हणून १९९६ साली त्यांनी एका बड्या अधिकाऱ्याला घरी पाठवलं. अपघात झाला म्हणून नव्हे, दडवला म्हणून! आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दडवणारा टिकतो, बोलणारा खटकतो.

असो. थोड्या वेळाने मीच भाच्याला फोन केला. म्हटलं, "सांग. पण ऑपरेटरचं नाव पुढे करू नकोस, तो हौसेने पाचर मारत नाही. दोन्ही हातांनी बटणं दाबून ठरलेले पीस निघतात का, एवढंच विचार. निघत नसतील तर आकडा चुकीचा आहे, माणूस नाही."

"आणि चिडले तर?"

"तर चिडू देत. नोकरी दुसरी मिळेल."

हे बोलणं मला सोपं आहे, ठाऊक आहे. मी त्याच्या वयाचा नव्हतो, अधिकाराच्या जागेवर होतो, तरी बोललो नाही.

त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, हे वाचणारच आहे. तिला इतकंच सांगतो, पोरगं तुझं माझ्यापेक्षा शहाणं आहे. त्याने निदान विचारलं तरी.

त्याचा पुढचा फोन अजून आलेला नाही. वाट पाहतोय.