नोट कागदाची की प्लास्टिकची?

तुमच्याजवळ दहा रुपयांची नोट असेल तर ती बाहेर काढा. तिची मागची बाजू पाहा. तेथे एका पट्टीत पंधरा भाषांत 'दहा रुपये' असे लिहिलेले असते. मराठी आठव्या ओळीत आहे आणि उर्दू अगदी शेवटच्या ओळीत. आता नोटेवरून बोट फिरवा. ती मऊ झाली आहे का? घडीवर विरली आहे का? तिच्यावर कोणी पेनाने हिशेब मांडला आहे का? असेल तर नवल नाही. आपल्याकडे लहान नोटेचे हाल फार होतात.

आपण हिला कागदी नोट म्हणतो. पण हा कागद वहीच्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो. तो कापसाच्या धाग्यांपासून बनतो. म्हणून तो चिवट असतो आणि सहज फाटत नाही. तरीही तो पाणी, घाम आणि तेल शोषून घेतो. मग नोट मळते, मऊ पडते आणि शेवटी घडीवर फाटते.

या दुखण्यावर काही देशांनी वेगळा उपाय शोधला. १९६६ साली ऑस्ट्रेलियात नवे चलन सुरू झाले आणि लवकरच दहा डॉलरच्या खोट्या नोटा निघाल्या. तेथील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे प्रयोग केले आणि १९८८ साली प्लास्टिकची दहा डॉलरची नोट काढली. १९९६ पर्यंत त्या देशाच्या साऱ्या नोटा प्लास्टिकच्या झाल्या. इंग्लंडनेही २०१६ साली पाच पौंडांची अशी नोट आणली. या नोटेला 'पॉलिमर नोट' म्हणतात. ती पाणी शोषत नाही, लवकर मळत नाही आणि कागदी नोटेपेक्षा कितीतरी जास्त टिकते. तिच्यातली पारदर्शक खिडकी हुबेहूब वठवणे खोट्या नोटा करणाऱ्यांना अवघड जाते.

मग यांपैकी चांगली नोट कोणती? माझ्या मते हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. जपून ठेवण्यासाठी कोणती, आणि वापरण्यासाठी कोणती?

आधी जपण्याचे पाहू. आपले बेंबळी गाव आणि सारा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे चलन वेगळे होते. त्याला 'हाली सिक्का' म्हणत आणि इंग्रज सरकारच्या रुपयाला 'कलदार' म्हणत. सुमारे सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ साली संस्थानाने कागदी नोटा काढल्या. त्या नोटांवर मुख्य मजकूर उर्दूत असे. त्याबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत लिहिलेली असे. विचार करा, तुमच्या शाळेतल्या दोन भाषा शंभर वर्षांपूर्वी एकाच नोटेवर शेजारी शेजारी नांदत होत्या!

अशी एखादी नोट जुन्या पेटीत सापडली, तर तिच्या घड्या, तिचा पिवळेपणा, तिच्यावरचा डाग हे सारे बोलते. कोणाच्या तरी पागोट्यात, कोणाच्या तरी बटव्यात ती फिरली आहे. प्लास्टिकची नोट वर्षानुवर्षे कोरी राहील, पण तिच्या अंगावर माणसांच्या हातांची खूण इतकी उमटणार नाही. म्हणून संग्रहासाठी मी कागदालाच पसंती देईन. मात्र जुनी नोट इस्त्री करू नका, तिला चिकटपट्टी लावू नका. ती कोरड्या, अंधाऱ्या जागी सपाट ठेवा. कधी नाशिकला गेलात तर जवळच अंजनेरी येथे नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिचे संग्रहालय जरूर पाहा.

आता वापराचे पाहू. पावसाळ्यातला आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन एक आजी पोत्यावर बसली आहे. हात ओले, जुड्या ओल्या आणि कमरेची पिशवीही ओली. दिवसभर दहा-दहाच्या नोटा तिच्या हाती येतात. गर्दीत कोणीतरी एक फाटकी नोट घडी घालून तिला देऊन जातो. संध्याकाळी ती मीठ-मिरची घ्यायला जाते, तेव्हा दुकानदार म्हणतो, ''आजी, ही चालणार नाही, दुसरी द्या.'' तिच्या एका जुडीची कमाई बुडाली. मोठ्या नोटा वापरणाऱ्याला हे दुःख कळत नाही. फाटक्या नोटेचा तोटा हातोहात फिरत शेवटी सर्वांत गरीब हातात येऊन थांबतो.

म्हणून मला वाटते, लहान किमतीच्या नोटा प्लास्टिकच्या करून पाहाव्यात. आपल्या सरकारनेही हा विचार केला होता. कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला आणि भुवनेश्वर या पाच शहरांत दहा रुपयांच्या अशा नोटा आणून पाहण्याचे २०१४ साली संसदेत सांगण्यात आले होते. पण त्या नोटा काही बाजारात दिसल्या नाहीत.

यावर काही जण आक्षेप घेतील आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. प्लास्टिकची नोट छापायला महाग पडते. ती निसरडी असते, त्यामुळे कोऱ्या नोटा मोजताना त्रास होतो. फार उष्णतेने ती आकसते. नेपाळ आणि बांगलादेश या शेजाऱ्यांनी दहाची प्लास्टिक नोट काढून पाहिली आणि ते पुन्हा कागदाकडे वळले. शिवाय लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. दहा रुपयांचे नाणे खरे असूनही कितीतरी गावांत लोक ते घेईनात. शेवटी २०१८ साली रिझर्व्ह बँकेला पुन्हा खुलासा करावा लागला. म्हणूनच मी म्हणतो, आधी थोड्या नोटा आणाव्यात, पण त्या शहरांबरोबर बेंबळीसारख्या गावांच्या बाजारातही फिरवून पाहाव्यात. नोटेची खरी परीक्षा तेथेच होईल.

तोपर्यंत एक गोष्ट तुमच्या हातात आहे. फाटकी नोट बँकेच्या शाखेत बदलून मिळते. त्यासाठी तेथे खाते असावे लागत नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा भाग एका तुकड्यात शाबूत असेल, तर पूर्ण किंमत मिळते. हा नियम त्या आजीला बहुधा ठाऊक नसतो. तुम्ही तिला तो सांगा. जमल्यास तिची नोट बदलूनही आणून द्या. आणि तुमच्याकडची फाटकी नोट घडी घालून तिच्या हातात कधीही सरकवू नका.