टेबलाची झिलई

जुनं सागवानी टेबल माळ्यावरून खाली उतरलं की घरातून फर्मान निघतं, "एकदम चकाचक करून द्या." पॉलिशवाला मिस्त्री मान डोलावतो, पण आधी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेबलाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला टेकवतो. जागा चिकट झाली, तर वरचा थर लाखेचा. ढिम्म काही झालं नाही, तर मेलामाइन किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) शक्यता जास्त.

लाख हा पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव. त्याच्या चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवल्या की पॉलिश तयार. ग्रामोफोनच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांतही हीच लाख असे. तिचा मोठा गुण म्हणजे नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवून त्यात मिसळतो. त्यामुळे गरम कपाचा पांढरा डाग घालवायला बहुतेकदा सगळं टेबल खरवडावं लागत नाही. पीयूवर असं ठिगळ लपत नाही. तरीही जेवणाच्या टेबलासाठी लाखेचा हट्ट धरू नये. गरम पातेलं तिला सोसत नाही.

आता झिलई. दुकानदार ती डब्यावरच्या शब्दांत विकतो: ग्लॉसी, मॅट आणि मधलं सॅटिन. ग्लॉसीचा थर गुळगुळीत वाळतो, प्रकाश एकाच दिशेने परततो. मॅटमध्ये सहसा सिलिकाची बारीक पूड असते. तिच्यामुळे पृष्ठभाग डोळ्यांना न दिसेल इतका खडबडीत होतो आणि प्रकाश विखुरतो. ही पूड तळाशी बसते. डबा नीट ढवळला नाही, तर टेबलाचं एक टोक चमकतं आणि दुसरं मलूल दिसतं, शिव्या मात्र कंपनीला बसतात! खालचे हात ग्लॉसीचे आणि फक्त शेवटचा मॅटचा द्यावा, हे उत्तम. सगळेच मॅटचे दिले तर सागाच्या रेषा धुरकटतात.

खरी मेहनत त्याआधीची. पॉलिश पेपर 120, मग 180, मग 220, आणि प्रत्येक वेळी रेषांच्याच दिशेने. आडवा ओरखडा कोऱ्या लाकडावर लपतो. पॉलिशचा पहिला हात पडला की उठून दिसतो, आणि ग्लॉसीखाली तर लांबूनही. म्हणूनच पन्नास वर्षं वापरलेल्या, खाचाखोचांच्या टेबलाला सॅटिनच शोभतं. ग्लॉसी पूर्ण वाळल्यावर बारीक स्टील वूलला मेण लावून हलक्या हाताने घासलं, तरी ती मऊ चमक मिळते.

लाखेचं काम जुलैत मात्र काढू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश पांढुरकं पडतं. कोकणात, मुंबईत हे हमखास. तशी झाक आलीच, तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी हलका पुचारा फिरवल्यावर ती बहुधा जाते. पीयूला हा उपाय लागू पडत नाही. तिथे पुन्हा पेपर मारायला बसावं लागतं.