तांबडी पट्टी

पावसाची पहिली सर येऊन गेली की डोळखांबच्या नाक्यावर दोन रांगा लागतात. एक भाताच्या बियाण्याला, दुसरी माझ्या भाच्याच्या सेंटरला. शाळा उघडतात, मग उत्पन्नाचा दाखला हवा, जातीचा हवा, रहिवासाचा हवा. गेल्या आठवड्यात ऐन रांगेत प्रिंटर गप्प झाला. शाई होती, कागद होता, वीजसुद्धा होती. (आमच्याकडे हे वेगळं सांगावं लागतं.) भाच्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सी ड्राइव्हची निळी पट्टी काठोकाठ भरून तांबडी झाली होती. छापण्याआधी संगणक त्या पानाची नक्कल डिस्कवर ठेवतो. ती टेकवायलाच जागा नाही म्हटल्यावर प्रिंटरनं तरी काय करावं?

"आत्या, बघ ना जरा. घेतला तेव्हा १२८ जीबी सांगितलेला, इथे ११९च दिसतात. फसवलं की काय?"

फसवलं नव्हतं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. आपल्याकडे नाही का, दुकानदाराची पायली वेगळी आणि घरची वेगळी. धान्य तेवढंच असतं, मापात फरक.

तोवर त्यानं बहिणीच्या हळदीचे फोटो उडवायला सुरुवात केली होती. तीनशे फोटो उडाले तरी पट्टी तांबडी ती तांबडीच. कारण ते सगळे रिसायकल बिनमध्ये जाऊन बसले होते. माळ्यावरचा पसारा पडवीत आणून टाकला म्हणून घर मोकळं होत नाही. बिन रिकामी केली तेव्हा कुठे थोडी जागा दिसली.

मग डाउनलोड्स उघडलं. एकच सातबारा सतरा वेळा! पहिल्यावर नुसतं नाव, मग कंसात १, कंसात २, असं करत १६ पर्यंत. रेंज गेली की पोरगा परत बटण दाबतो आणि रेंज आली की सगळेच उतरतात. त्याखाली लोकांचे कागद. नावं अशी: 'आजी', 'आजी नवीन', 'काकू पासबुक', 'फायनल', 'फायनल खरं'. २०२४ च्या जुलैतलं 'लाडकी बहीण' नावाचं अख्खं फोल्डर होतं, त्यात पाड्यापाड्यावरच्या बायांची आधार कार्डं आणि हमीपत्रं.

"हे आधी काढ," मी म्हटलं.

"ते नको." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "कौलं गळतात, कागद भिजतो, नाहीतर उंदीर खातो. मग माणसं इथेच येतात. म्हणतात, तुझ्याकडे असंल बघ."

मी डिजिलॉकरचं नाव काढलं. २०१५ पासून सरकारनं कागद ठेवायला दिलेलं कपाट. पण ते उघडायचं तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, आणि तो नंबर कधीच्या काळी मुंबईला कामाला गेलेल्या लेकाच्या जुन्या सिमचा असतो. सिम बंद, कपाट बंद. मग भाच्याचा लॅपटॉप हाच गावाचा माळा. मला ते पटत नाही, अजूनही नाही. दुसऱ्याचं आधार कार्ड असं उघड्यावर ठेवणं म्हणजे परक्याच्या घराची किल्ली खुंटीला अडकवणं. पासवर्ड विचारला, तर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला मोबाईल नंबर! तो तेवढा तिथल्या तिथे बदलायला लावला.

शिवाय हे कागद काढून जागा होणारच नव्हती. एक स्कॅन जेमतेम दोनशे केबीचा. असे पाच हजार पुसले तर कुठे एक जीबी मोकळा होतो. उगाच बिचाऱ्या आज्यांवर संशय.

खरा जागाखाऊ वेगळाच निघाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला तरी हा तेच वापरत होता. चार दिवसांपूर्वी कुणीतरी सांगितलं म्हणून विंडोज ११ वर गेला. नवी विंडोज आली की जुनी लगेच जात नाही, परतायचं झालं तर म्हणून दहा दिवस 'विंडोज डॉट ओल्ड' या नावानं मुक्काम ठोकते. डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाबल्याशिवाय ती यादीत येतसुद्धा नाही. आली तेव्हा आकडा होता एकवीस जीबी. आता माघारी फिरता येणार नाही, असं बजावून मी त्यालाच बटण दाबायला लावलं.

हायबरनेशनची फाइलही तीनेक जीबी अडवून बसलेली. ती मात्र राहू दिली. बॅटरी संपत आली की उघडी असलेली कामं लॅपटॉप त्या फाइलीत उतरवून ठेवतो, आणि पावसाळ्यात डोळखांबला वीज गेली की कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक.

उरले फोटो. "गूगलवर चढवू का?" त्यानं विचारलं. इथून चोंढ्याकडे गेलं की घाटघरचा वीज प्रकल्प लागतो. विजेला मागणी कमी असली की खालच्या धरणातलं पाणी पंपानं घाटमाथ्यावर चढवतात, मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज करतात. भाच्याच्या फोटोंचं तेच चालतं. लॅपटॉप भरला की चढव गूगलवर, तिथले फुकटचे १५ जीबी भरले की उतरव खाली. १ जून २०२१ पासून फोटोही त्या पंधरातच मोजतात. फक्त या चढउतारात वीज काही होत नाही.

पट्टी निळी झाली. प्रिंटर खाकरला आणि अडकलेले अकरा दाखले एका दमात बाहेर पडले. गुंड्याहून आलेली एक आजी मघापासून आमचं 'हे उडव, ते पूस' ऐकत बाकावर बसली होती. आपला दाखला हातात आला तरी हलेना.

"माझा आधार पुसलास का रं?"

भाच्यानं तिची फाइल उघडून लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती वाकून बघत राहिली.

"डोळं झाकल्यालं हाय तोच ना?"

"तोच."

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि छत्री उचलून गाडी बघायला गेली.