झेंडावंदनानंतर घरी काय करायचं?



१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी आपल्याकडे कसे साजरे होतात, ते आपण सगळे जाणतो. प्रभातफेरी, झेंडावंदन, मुलांची भाषणं, खाऊ. दहाच्या आत मुलं घरी, आणि पुढे सुट्टी. भाषणात 'वीर जवानांना अभिवादन' असतंच. पण घरी आलेल्या मुलाला विचारून बघा, "कोणाला अभिवादन केलंस?" बहुतेक मुलं "सैनिकांना" एवढंच सांगतील. नाव एकही सांगता येणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. नावच माहीत नसेल तर ते स्मरण नाही, नुसता उपचार झाला. आणि हे काम एकट्या शाळेवर टाकून चालणार नाही. गुढी कशी उभारायची हे मुलं पुस्तकातून शिकत नाहीत, घरात बघून शिकतात. शहिदांचं स्मरणही तसंच घरात रुजायला हवं.

आपल्या मातीला हे नवीन नाही. गावोगावच्या मंदिरांजवळ वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढणारा वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. आज त्यातल्या कितीतरी वीरांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. दगड टिकला, पण घराघरातून सांगणं थांबलं की नाव जातं.

म्हणून एक साधी प्रथा सुचवते. प्रत्येक राष्ट्रीय सणाला घरात एका शहिदाचं नाव घ्यायचं. आदल्या दिवशी मुलांनीच ते शोधायचं. आधी आपलं गाव, मग तालुका, मग जिल्हा. सकाळी झेंडावंदनाहून आल्यावर एक दिवा लावायचा, नाव, गाव आणि तो कुठे लढला हे मुलाने मोठ्याने सांगायचं, आणि मिनिटभर शांत बसायचं. एका वहीत ते लिहून ठेवायचं. वर्षाला दोन नावं. पहिलीतलं मूल दहावी होईपर्यंत वीस नावं होतात.

नावं मिळतात कुठे? साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना गेले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची २५ हजारांहून अधिक नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. हे स्मारक २०१९ साली खुलं झालं.

मुलं विचारतील, "मग घाडगे इंग्रजांसाठी का लढले?" प्रश्न टाळू नका. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, फौजही त्यांचीच, घरची गरज होती आणि पलटणीचा अभिमानही होता, हे खरं खरं सांगा. असा प्रश्न विचारणारं मूल इतिहास शिकत असतं. घोषणा देऊन ते होत नाही.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. गावात वीरमाता, वीरपत्नी असतील, तर मुलांना घेऊन त्यांच्या घरी जा, पण आधी विचारून जा. कार्यक्रमात शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि मग सहा महिने कुणी दारात फिरकत नाही, असं होऊ नये. भेटीचा फोटो स्टेटसला टाकला नाही तर काही बिघडत नाही. "कसे गेले?" यापेक्षा "त्यांना काय आवडायचं?" असं विचारायला मुलांना शिकवा. सणाव्यतिरिक्तही कधीतरी चौकशी करा, काही काम अडलं असेल तर सोबत जा.

आणखी एक. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला निधीसाठी आईबाबांकडून नोट मागून नेण्याऐवजी मुलाने खाऊच्या पैशातून वर्षभर साठवलेले दहा-वीस रुपये द्यावेत. रक्कम छोटी असेल, पण ती त्याची स्वतःची असेल.

यातल्या कशालाच खर्च नाही, वेळही फार लागत नाही. येत्या राष्ट्रीय सणाला तुमच्या घरात कोणाचं नाव घेतलं जाईल, ते आजच मुलांशी बोलून ठरवा.