सौर प्लेटांचे दुखणे आणि आपली बेफिकिरी

सौर पंपामुळे रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणे सुटले, ही मोठीच सोय झाली. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची. पाच वर्षे दुरुस्ती पुरवठादाराकडे. पण प्लेट पंचवीस वर्षे टिकते, असे म्हणून आपण निर्धास्त होतो, तिथेच घोटाळा आहे.

प्लेट फुटली तर दिसते. विजेच्या ताणाने ती आतून झिजते, ते दिसत नाही. एका प्लेटेचा दाब चाळीसेक व्होल्ट. अशा दहा प्लेटा एकामागे एक जोडल्या की दाब चारशेच्या घरात जातो. प्लेटेची अॅल्युमिनियमची चौकट मात्र जमिनीला जोडलेली. म्हणजे आतला सेल आणि बाहेरची चौकट यांच्यात दिवसभर ताण राहतो. काच दमट असली की थोडी वीज तिकडे झिरपते आणि काचेतले सोडियम सेलमध्ये शिरते. मग तयार झालेली वीज सेलच्या आतच मुरते, बाहेर कमी येते. माळेच्या ऋण टोकाकडच्या प्लेटांना हा त्रास जास्त. इंग्रजीत याला 'पीआयडी' म्हणतात. त्याच्या तपासणीची आंतरराष्ट्रीय पद्धत २०१५ मध्येच ठरली आहे.

याचा पहिला फटका कमी उन्हात बसतो. सकाळी पंप उशिरा उचलतो, ढगाळ दिवशी पाणीच येत नाही, भर दुपारी मात्र सगळे ठीक वाटते. मग आपण म्हणतो विहिरीचे पाणी खाली गेले, नाही तर मोटार बिघडली. दुखणे रेड्याला अन् डाग पखालीला, असला हा प्रकार.

पंपाच्या मानाने मोठ्या प्रकल्पांना धोका अधिक. तिथे माळेचा दाब हजार-दीड हजार व्होल्टपर्यंत जातो. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' मध्ये गावोगावची गायराने आणि खाजगी जमिनी अशा प्रकल्पांना दिल्या जात आहेत. प्लेटा मरगळल्या तर कृषी वाहिनीला दिवसा मिळणारी वीज घटेल. भाडे येते ना, मग आपल्याला काय, असे सरपंचांनी म्हणून चालणार नाही.

यावर उपाय आहे. दुखणे लवकर कळले तर रात्री उलटा दाब देऊन प्लेटा बऱ्याच अंशी सुधारतात. मोठ्या प्रकल्पात तशी यंत्रे बसवता येतात. जुने झाले की मात्र प्लेट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून मोजमाप हवे. पंप बसवताना प्रत्येक प्लेटेचा दाब आणि पूर्ण माळेचा इन्सुलेशन रोध मोजून कागदावर घ्यावा, खाली पुरवठादाराच्या माणसाची सही घ्यावी. दरवर्षी पावसाळा संपताना पुन्हा मोजणी मागावी. पाचवे वर्ष सरण्याआधीची मोजणी तर कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. प्लेटेची हमी दहा वर्षांनी नव्वद आणि पंचवीस वर्षांनी ऐंशी टक्के शक्तीची असते, पण हातात आकडा नसेल तर भांडणार कशाच्या जोरावर?

एक इशारा. चौकटीमुळे वीज झिरपते हे ऐकून कुणी अर्थिंगची तार काढू नये. विजेचा धक्का आणि आकाशातली वीज यांपासून तीच वाचवते. मोजणीही जाणकाराकडूनच करावी, चारशे व्होल्टशी खेळ नको.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातल्या सौर पंपांची एक नोंदवही ठेवावी आणि मोजणीचे आकडे तीत चढवावेत. एकट्या शेतकऱ्याची तक्रार कोपऱ्यात पडते. वीस पंपांचे आकडे एकदम समोर ठेवले, तर पुरवठादाराला गावात यावेच लागेल.